मागच्या अंगणातला मोगरा

प्रश्न : आमचं दोन मजली घर जुळे सोलापुरात आहे, दक्षिणेकडे तोंड करून. मागं उत्तरेला पंधरा फुटांचं अंगण, आणि त्याच्या टोकाला कुंपणापाशी कडुलिंबाचं जुनं झाड. घराच्या मागच्या भिंतीलगत मोगरा लावून तीन वर्षं झाली. पानं हिरवीगार, फुलं मात्र जूनमध्ये जेमतेम दहा-बारा. रोपवाटिकेत 'सावलीत चालेल' असं सांगितलं होतं. शेणखत घातलं, युरिया घातला, पानं आणखी वाढली. अंगणाच्या मध्यावर अनंत आहे. तो एरवी पिवळा पडतो आणि मे महिन्यात करपतो. लिंबाखाली तर काहीच टिकत नाही. मग माझं अंगण सावलीचं की उन्हाचं? तिथं फुलझाडं लावायची, की नाद सोडायचा?

उत्तर : ताई, आधी त्या 'चालेल'चा अर्थ सांगतो. रोपवाटिकेच्या भाषेत 'सावलीत चालेल' म्हणजे सावलीत मरणार नाही. फुलेल असं कुणी म्हणालंच नव्हतं, ते आपण मनात ऐकतो. तुमचा मोगरा मेलेला नाही, चांगला पानांनी भरलाय. म्हणजे विकणाऱ्यानं खोटं काही सांगितलं नाही. अर्धंच सांगितलं, एवढंच.

आता मुख्य कोडं. एकच अंगण, मोगऱ्याला ऊन पुरत नाही आणि अनंताला ते सोसत नाही, हे कसं? उत्तर अंगणात नाही, आकाशात आहे. आपण 'इथं सावली असते' असं म्हणतो तेव्हा बहुधा हिवाळ्यात किंवा सकाळी चहा पिताना पाहिलेली सावली आपल्या डोळ्यांसमोर असते. सावलीला मात्र घड्याळ असतं आणि कॅलेंडरही असतं.

सोलापूर साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहे. 21-22 डिसेंबरला इथं भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, क्षितिजापासून साधारण 49 अंश उंच. तुमचं दोन मजली घर वीस फूट धरलं, तर त्या दुपारी त्याची सावली उत्तरेकडे साडेसतरा फूट पडते. अंगण पंधरा फुटांचं. म्हणजे सगळं अंगण झाकून सावली कुंपणापलीकडे जाते. मार्चच्या 21 तारखेला हीच दुपारची सावली साडेसहा फुटांवर येते. 10-11 मेच्या सुमारास सोलापुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच पडते. त्यानंतर मात्र सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेला जातो आणि 2 ऑगस्टच्या आसपास पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो.

म्हणजे साधारण पावणेतीन महिने सूर्य दुपारीसुद्धा तुमच्या मागच्या अंगणाच्या बाजूला असतो. जूनमध्ये तर तो उगवतो ईशान्येकडे झुकून आणि मावळतो वायव्येकडे झुकून. दिवसभर उत्तरेची भिंत त्याच्या समोर आणि दक्षिणेची त्याच्या पाठीशी. पंढरीला आषाढीची गर्दी होते त्या दिवसांत एखाद्या स्वच्छ दुपारी घराच्या दोन्ही बाजूंना उभं राहून पाहा. सावलीची पट्टी पुढच्या दाराशी, दोन फुटांची, आणि मागं लख्ख ऊन.

जाता जाता एक गोष्ट. सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरते, संक्रांतीचे तिळगूळ वाटले जातात, तेव्हा 'आता उत्तरायण लागलं' असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात सूर्य डिसेंबरच्या 21-22 तारखेलाच उत्तरेकडे वळलेला असतो. संक्रांतीपर्यंत तुमच्या अंगणातली सावली थोडी आखडलेलीही असते. सणाला त्यानं काही उणेपण येत नाही, पण बागेचं वेळापत्रक सणावर न बेतता सावलीवर बेतावं.

हे मोगऱ्याला लावून पाहू. मोगरा फुलतो तो नव्या फुटीच्या शेंड्यांवर. थंडी ओसरली की फेब्रुवारी-मार्चमध्ये फूट येते आणि पाडव्यानंतर गजरेवाल्यांच्या टोपल्या भरतात. तुमचा मोगरा भिंतीला चिकटून आहे. नेमक्या त्या दोन महिन्यांत त्याच्यावर घराची सावली. एप्रिलच्या मध्यानंतर ऊन त्याच्यापर्यंत पोचतं, मेमध्ये भरपूर मिळतं, आणि मग जूनमध्ये तो उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी दहा-बारा फुलं देतो. तुमच्या पत्रातल्या 'जूनमध्ये' या एका शब्दानंच मला हे सुचलं.

सावलीत फूल का येत नाही, याचं कारण झाडाच्या जमाखर्चात आहे. पानं उजेडावर साखर तयार करतात. त्या साखरेवर आधी झाडाचा रोजचा खर्च भागतो, मग मुळं आणि पानं वाढतात, आणि उरलं तर फुलं येतात. फूल ही झाडाची चैन आहे. उत्पन्न घटलं की आधी चैन बंद होते, आपल्या घरातही तसंच होतं. त्यातून झाडाची धडपड असते ती आहे तो उजेड पकडण्याची. म्हणून सावलीतली पानं मोठी, पातळ आणि गडद हिरवी होतात, पेरं लांबतात. पाहणाऱ्याला वाटतं, झाड किती जोमात आहे! खरं तर ती उपाशी झाडाची धावपळ असते.

युरिया घालणं ही यातली सर्वांत मोठी चूक, आणि ती आपण सगळेच करतो. फुलं येत नाहीत म्हणजे खत कमी पडलं, हा समज फार पक्का आहे. युरियात असतो नत्र, आणि नत्र पानं वाढवतं. उजेडाची कमतरता खतानं भरून निघत नाही. तुमच्या मोगऱ्याला पानंच करायची होती, तुम्ही त्याला आणखी सामान पुरवलंत.

'पण अंगणात चांगला उजेड असतो की!' असं तुम्ही म्हणाल. इथं डोळे फसवतात. उजेड कमी झाला की आपली बाहुली मोठी होते आणि आपल्याला सगळं जवळपास तेवढंच उजळ दिसतं. मोजायला गेलं तर भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात, उघड्यावरची चांगली सावली दहा हजारांच्या आसपास, आणि दिवा लावलेली घरातली खोली काही शे लक्सची. दिवाणखान्यातल्या माणसाला अंधार वाटत नाही, झाडाला मात्र तिथं रात्रच असते. मोबाइलवर उजेड मोजायची ॲप मिळतात, ती अंदाजापुरती ठीक. त्याहून सोपं म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि फूटभर वर हात धरा. हाताची सावली कडा कापल्यासारखी स्पष्ट पडली तर ते ऊन. बोटं ओळखता येतात पण कडा धूसर असतील तर मध्यम सावली, तिथं बरंच काही फुलवता येतं. सावली पडलीच नाही किंवा नुसता मळकट डाग दिसला, तर तिथं फुलांचा आग्रह धरू नका. ही परीक्षा एकदा घेऊन भागणार नाही. डिसेंबर, मार्च आणि मे अशी वर्षातून तीनदा घ्या.

आणखी एक फरक लक्षात ठेवा, कारण तुमच्याकडे दोन्ही प्रकारच्या सावल्या आहेत. भिंतीची सावली वेगळी, झाडाची वेगळी. भिंतीआड ऊन येत नसलं तरी वर मोकळं आकाश असतं आणि त्याचा निळसर उजेड झाडावर पडत राहतो. झाडाखाली पोचणारा उजेड मात्र वरच्या पानांतून गाळून आलेला असतो. पानं त्यातला लाल भाग स्वतः पिऊन टाकतात आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारा पलीकडचा गडद लाल तेवढा खाली सोडतात. झाडांच्या अंगात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, ते या दोन लालांचं प्रमाण ओळखतं. वर कुणीतरी उभं आहे हे खालच्या रोपाला त्यावरून कळतं, आणि ते फुलायचं सोडून मान लांब करायला लागतं. म्हणून भिंतीच्या सावलीत फुलणारं झाड दाट आंब्याखाली फुलेलच असं नाही.

तेव्हा मोगऱ्याचा निकाल असा : त्याला पुढच्या अंगणात न्या. पाच-सहा तास ऊन हवं, त्याहून कमी नको. थंडी संपत आली की छाटणी करा, त्याआधी पाणी थोडं तोडा, आणि नवी फूट दिसायला लागली की पाणी व कुजलेलं खत सुरू करा. मुळांभोवती मातीचा मोठा गड्डा ठेवून काढलात तर तीन वर्षांचं झाड सहज जगतं. जास्वंदीचंही असंच. चार-पाच तास उन्हाशिवाय ती कळ्या धरत नाही, धरल्या तर गाळते, आणि सावलीतल्या कोवळ्या फुटीवर पिठ्या ढेकूण हमखास येतो. गुलाब, कण्हेर आणि बोगनवेल यांचं नावसुद्धा मागच्या अंगणात काढू नका.

आता अनंत. इथं दोन आजार आहेत आणि दोन्हींना आपण एकच औषध देतो, पाणी. मेमधलं करपणं उन्हाचं आहे. थंडीभर सावलीत वाढलेली पातळ पानं एकदम चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात येतात, ती भाजणारच. एप्रिल ते पावसाळा सुरू होईपर्यंत त्याच्यावर हिरवी जाळी बांधा, विशेषतः पश्चिमेकडून. पिवळेपणा मात्र वेगळा आहे. पान नीट पाहा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही आधी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, असं असेल तर झाडाला लोह मिळत नाहीये. सोलापूरच्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, बोअरचं पाणी जड, त्यात भिंतीलगत बांधकामाचा चुना-सिमेंट पुरलेला. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येईल अशा रूपात नसतं. ताटात जेवण आहे आणि तोंड शिवलेलं, तशातली गत. पाणी वाढवलं की मुळं गुदमरतात आणि पिवळेपणा वाढतो.

मातीची परीक्षा घरी होते. वाळलेल्या चमचाभर मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसली तर चुनखडी चांगलीच आहे. अशा जमिनीत अनंत आणि एक्झोरा थेट लावूच नयेत. मोठी कुंडी घ्या. पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट आणि थोडं शेणखत यांचं मिश्रण भरा. पावसाळ्यात गच्चीचं पाणी पिंपात साठवा आणि ते अनंतासाठी राखून ठेवा. तातडीचा उपाय म्हणून हिराकस आणा. लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारा. आधी एका फांदीवर करून पाहा, पानाला इजा होत नाही असं दिसलं तर सगळ्या झाडावर. हिराकस आपल्या मातीत टाकून मात्र उपयोग नाही, तिथला चुना त्यालाही अडकवून ठेवतो.

याच जागी माझ्या मूर्खपणाची एक कथा सांगून टाकतो. सावलीतल्या फुलझुडपांची इंग्रजी पुस्तकं उघडली की पहिल्या पानावर हायड्रेंजिया, अझेलिया आणि कॅमेलिया. एका वर्षी महाबळेश्वरहून निळ्या गुच्छांचा हायड्रेंजिया मांडीवर घेऊन आलो. पहिला बहर संपला, दुसरा आलाच नाही, आणि मे उजाडला तेव्हा कुंडीत काड्या होत्या. दोष झाडाचा नव्हता. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरांवर, जांभ्याच्या आम्ल मातीचं, आणि तिथला पाऊस आपल्या साधारण दहापट. सोलापूर साडेचारशे मीटरांवर, चुनखडीचं, पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. थंड देशातल्या पुस्तकांना ऊन दुर्मीळ वाटतं, म्हणून त्यांच्याकडे सावलीची बाग ही अडचण असते. आपल्याकडे मेमध्ये सावलीसारखी श्रीमंती नाही. फक्त तिच्यात शोभतील अशी झाडं आपल्याच मुलखातली हवीत.

त्यांत पहिला मान अबोलीचा. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचं मूळ घर. सोलापुरात फुलवाल्यांकडे तिला कनकांबर म्हटलेलंही ऐकू येईल, कारण कानडी आणि तेलुगू घरांत तिचं नाव तेच. वास नाही, म्हणून अबोली. गजऱ्यात मात्र मोगरा दुपारपर्यंत मलूल होतो आणि ही दोन-तीन दिवस टवटवीत राहते. तिला कडक ऊन सोसत नाही, पानं फिकी पडतात. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली, हे तिचं मनासारखं हवामान. तुमच्या अंगणाच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात ती छान येईल. गुडघ्याएवढं झुडूप, दीड फुटांवर एक. कणसासारखा तुरा खालून वर फुलत जातो, तो संपला की देठापासून खुडा, नवे तुरे येतात. एखादा तुरा वाळू दिलात तर पहिल्या पावसात गंमत बघायला मिळेल. ओल लागली की बोंडं तटतट फुटतात आणि बी लांब उडतं. 'दिल्ली' नावाचा गडद केशरी प्रकार मिळतो, त्याला बी धरत नाही, तो फांदी लावूनच वाढवतात. अबोलीचा खरा शत्रू जमिनीत असतो : मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी. झाड कारण नसताना खुरटलं तर एक उपटून मुळं पाहा. लावतानाच खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड टाकली तर हा त्रास कमी होतो.

कोरांटी दुसरी. निळी-जांभळी, गुलाबी, पांढरी अशी बिनकाट्याची कोरांटी दसऱ्याच्या पुढं फुलायला लागते आणि थंडीभर फुलते. म्हणजे तुमच्या अंगणात सावली सर्वांत लांब असते तेव्हा ती बहरात असते. मातीबद्दल तिची तक्रार नाही, पाणी बेताचं लागतं. फुलं संपली की फेब्रुवारीत अर्ध्यावर कापा. छाटलेल्या फांद्या पावसाळ्यात रोवल्या की लागतात, त्यामुळे एकीच्या दहा करायला पैसे पडत नाहीत. पिवळी काटेकोरांटी, तीच वज्रदंती, ती मात्र कुंपणाला उन्हात बरी.

बाकीची थोडक्यात सांगतो. तगर तीन-चार तासांच्या उन्हावर बारा महिने थोडी थोडी फुलत राहते, देवपूजेची सोय होते. डबल तगरीला रात्री मंद वासही येतो. कुंती, जिला हल्ली विकताना कामिनी म्हणतात, ही आपल्या कढीपत्त्याची जवळची नातलग. एखादा चांगला पाऊस झाला की एकदम पांढरी होते, दोन-चार दिवसांत सडा घालते आणि पुन्हा गप्प. ती भिंतीपासून चार-पाच फूट पुढं लावा. जिचं लाल फूल कधी पूर्ण उमलतच नाही ती मिरची जास्वंद साध्या जास्वंदीपेक्षा सावली बरी सोसते, आणि शिंजीर तिच्या मागं वेडे असतात. फूल उमलेल म्हणून वाट पाहू नका, ते तसंच असतं. अगदी कोपऱ्यात अडुळसा लावा. पांढरी फुलं साधीच, पण झाड हटत नाही आणि शेळीही त्याला तोंड लावत नाही. खोकल्यावरचं ब्रोमहेक्सिन हे औषध याच अडुळशातल्या वासिसिन या द्रव्याच्या धाग्यावरून तयार झालं, हे तुमच्या घरी कुणी औषधविक्रेता असेल तर त्याला विचारा.

लिंबाखाली काही का टिकत नाही? 'लिंबाचा कडूपणा मातीत उतरतो' हे उत्तर तुम्हाला शेजारी कुणीतरी दिलं असेलच. कडूपणापेक्षा तहान हे मोठं कारण आहे. लिंबाची सावली खरं तर विरळ असते, चिंचेसारखी किंवा आंब्यासारखी दाट नसते. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पानं गाळतो, तेव्हा खाली उजेडच उजेड. पण त्याची मुळं वरच्या थरात दूरवर पसरलेली असतात. तुम्ही रोपाला घातलेल्या बादलीतला मोठा वाटा तोच पितो. रोप नवीन, त्याची मुळं वीतभर. या शर्यतीत ते हरणारच.

यावर दोन मार्ग. एक म्हणजे तिथं जमिनीत न लावता मोठ्या कुंड्यांत अबोली आणि कोरांटी ठेवणं. कुंडीच्या बुडाखाली वीट द्या, नाहीतर लिंबाची मुळं भोकातून आत शिरतात. दुसरा म्हणजे मोठ्या मुळांमधली मोकळी जागा शोधून लहान रोपं लावायची, आळं छोटं करायचं आणि पहिली दोन वर्षं पाणी वारंवार द्यायचं. खोल खणून मुळं तोडू नका आणि खोडाभोवती मातीचा ओटा चढवू नका. मुळांना हवा मिळाली नाही तर झाडच खचतं. पडलेला पाला जाळू नका, तोच आच्छादन म्हणून पसरा. आणि उजेडासाठी फांद्या उतरवायचा विचार असेल तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा खासगी आवारातल्या झाडालाही लागू आहे. तुमच्या लिंबाचा मालक शेजारी असेल तर त्याचीही.

लावायची वेळ कोणती? सगळे जूनमध्ये लावतात. तुमच्या अंगणात जूनला भर ऊन आहे, हे आता तुम्हाला ठाऊक झालं. त्यातून सोलापूरचा पाऊस जून-जुलैत हूल देतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत जास्त पडतो. ऑगस्टच्या अखेरीस सूर्य दक्षिणेकडे परतलेला, घराची सावली उतरायला लागलेली, माती ओली. उत्तरेच्या अंगणाला हाच मुहूर्त. खड्डा दीड फुटाचा. निघालेल्या काळ्या मातीत निम्मा मुरूम आणि पोयटा, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळा. नुसत्या काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात.

पाण्याबद्दल एकच. सावलीत माती उशिरा वाळते. नळाला आज पाणी आलंय म्हणून सगळ्यांना सारखं पाजायचं, या सवयीनं सावलीतली झाडं उन्हापेक्षा पाण्यानं जास्त मरतात. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर झारी खाली ठेवा. आणि मागच्या भिंतीला पांढरा चुना द्या. हिवाळ्यात तिच्यावरून परतणारा उजेड कोरांटीला मोलाचा असतो.

प्रश्न : होटगी रस्त्यावरचे एक वाचक विचारतात : खिडकीखालच्या सावलीत रातराणी लावली आहे. वासानं साप येतो म्हणून घरचे ती काढायला सांगतात. खरं काय?

उत्तर : सापाला अत्तराची आवड नाही. तो दुभंगलेल्या जिभेनं हवेतले गंधकण टिपतो आणि टाळूतल्या इंद्रियानं ओळखतो. त्याला हवा असतो उंदराचा किंवा बेडकाचा माग, फुलाचा सुगंध त्याच्या काहीच कामाचा नाही. समज पूर्ण निराधारही नाही. रातराणीच्या वासावर रात्री पतंग येतात, पतंगांवर पाली आणि बेडूक, आणि बुडाशी गार, दाट गचपण झालं की सापाला लपायला जागा मिळते. हेच मोगऱ्याच्या जाळीत किंवा विटांच्या ढिगात होतं, ढिगाला तर वासही नसतो. झुडपाचा खालचा फूट-दीड फूट छाटून मोकळा ठेवा, शेजारी लाकडं-विटा रचू नका, उंदरांचा बंदोबस्त करा. घरच्यांच्या बाजूनं दोन गोष्टी मात्र बोलाव्याच लागतील. रातराणीची पांढरी फळं विषारी आहेत, घरात लहान मूल असेल तर ती धरू देऊ नका. आणि बंद खोलीच्या खिडकीखाली तिचा वास काहींचं डोकं उठवतो. दहा पावलं लांब, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी नेली तर ती जास्त फुलेल आणि घरातही शांतता राहील.

बागेबद्दल पत्र लिहिणाऱ्या वाचकांना एक विनंती. झाडाचं नाव नसलं तरी चालेल, पण घराचं तोंड कोणत्या दिशेला आहे, भिंत किती फूट उंच आहे आणि फूल कोणत्या महिन्यात येतं किंवा येत नाही, हे जरूर कळवा.